नळीसमोरची जागा

"सकाळी पंचशील घ्यायचं आणि दुपारी बंदुकीला तेल घालायचं. बरं जमतं तुम्हाला," आई म्हणाल्या, आणि बाबांच्या डब्यात आणखी एक चपाती ठेवली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि बाबा म्हणजे सासरे, भीमराव. जन्मभर पत्र्यात रमलेला माणूस. साउथहॅम्प्टनजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे दरवाजे दाबून काढायचे, त्या प्रेसचे साचे बाबा करायचे. रिटायर झाल्यावर घरातली बिजागरी, शेजाऱ्यांचं गेट, माझ्या बाळाची बग्गी, सगळं दुरुस्त करून संपलं तेव्हा त्यांनी जवळच्या गावातलं छोटंसं युद्ध-म्युझियम धरलं. तिथे त्यांच्या वाट्याला आली दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन मशीनगन. नळी बुजवलेली, आतलं सगळं निकामी केलेलं. तरी बाबा तिला पुसतात, न्हाऊ घातलेल्या पोरासारखी.

आज तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच लोकांपुढे बोलणार होते. आईंनी यावं एवढंच त्यांना हवं होतं. तसं म्हणाले मात्र नाहीत. फॅमिलीसाठी पुढच्या सीट्स ठेवल्यात म्हणे, एवढं मात्र कालपासून मला, माझ्या लेकीला, सियाला, आणि झोपलेल्या बाळालासुद्धा सांगून झालं होतं.

आईंचं अडत का होतं ते घरात सगळ्यांना माहीत. बाबांचे वडील, आबा, लढाईत पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. इटलीत एका नदीवर काम चालू असताना पलीकडच्या काठावरून अशीच बंदूक सुरू झाली, आणि आबांचा उजवा हात गेला. गावी परतल्यावर ते पुन्हा कधी पंगतीत बसले नाहीत. चारचौघांत डाव्या हाताने जेवायचं त्यांच्या जिवावर येई. लग्न कुणाचंही असो, अक्षता टाकून घरी यायचे आणि एकटे जेवायचे. बाबा नोकरीला इकडे आले तेव्हा आई कितीतरी वर्षं तिकडेच राहिल्या, आबांपाशी. आबांची भाकरी त्याच कुस्करायच्या.

"आजी, तू पण चल ना. आजोबा खूप नर्व्हस झाली," सिया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

आई हसल्या. गाडीत बसेन, आत येणार नाही, या बोलीवर निघाल्या.

आत बंदूक टेबलावर ठेवलेली, तोंड दाराकडे. खुर्च्या सगळ्या तिच्या मागे. तिथली रीतच तशी. येणारा प्रत्येक जण मागे उभा राहतो, नळीवरून बघतो, फोटो काढतो. बाबाही तिथेच उभे राहिले. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग पत्र्याचा विषय निघाला आणि गाडी रुळावर आली. आधीची बंदूक अखंड पोलादातून कोरून काढायचे, वेळ फार जायचा. मग कंदील बनवणाऱ्या एका कंपनीने हे डिझाइन दिलं. पत्रा दाबायचा, वाकवायचा, डाग देऊन जोडायचा. बाबांचं बोट एकेका घडीवरून फिरत होतं. नळी इतकी तापायची की मध्येच बदलावी लागे, आणि गोळ्या इतक्या भरभर सुटत की आवाज कापड फाडल्यासारखा यायचा. काम फार सुबक आहे, सांगायला वाईट वाटतं, असं ते इंग्रजीत म्हणाले तेव्हा लोक हसले.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. दुधाची बाटली गाडीतच राहिली होती. मी उठणार, तोच दार उघडून आई बाटली घेऊन आत आल्या. बाळाचा आवाज बाहेर गेला असणार.

दारातच थांबल्या. नळी बरोबर त्यांच्यासमोर होती.

बाबांचं बोलणं तुटलं.

"हीच का?" आईंनी मराठीतच विचारलं.

"ही नाही. अशीच."

"आबा कुठे असतील मग?"

"तू उभी आहेस ना, त्या बाजूला."

"आणि तुम्ही तिकडे." आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ राहिलंय म्हणून सांगावं, तसा सूर. "सुबक आहे, घरी रोज ऐकतेच, मी नाही कुठे म्हणतेय? पण इकडे येऊन सांगा."

लोकांना शब्द कळले नव्हते. बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. टेबलाला वळसा घालून ते पलीकडे गेले आणि आईंच्या शेजारी उभे राहिले. तिथून बंदुकीकडे पाहिलं. आजवर इतक्यांदा पुसली, पण या बाजूने कधी पाहिलीच नसावी तसे पाहत राहिले.

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझे वडील पूल बांधत होते, म्हणाले. पंगतीला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा म्हणाले, आमच्याकडे सगळे एका ओळीत जमिनीवर बसून जेवतात; माझे वडील त्या ओळीत पुन्हा बसले नाहीत.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि ओढत दाराकडे नेली. मग तिच्या शेजारच्याने. मीही बाळाला खांद्यावर टाकून उठले, सियाचं बोट धरलं. फरशीवर खुर्च्यांचे पाय करकरत राहिले आणि बाबा ते थांबेपर्यंत थांबले.

बंदुकीच्या मागे आता कोणीच उरलं नव्हतं.