दिलेली हाक

...मेमरी कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांजवळ लोकरीचा एक तंतू अडकला होता — करडा, नखाच्या लांबीचाही नसलेला, आणि तरी आपले वळण न सोडलेला. सोमेश्वरने फुंकर मारली; तो हलला, पण निघाला नाही. चिमटीत धरून ओढल्यावर मात्र इतक्या सहज आला, की आपण उगाच जोर लावला याची त्याला लाज वाटली. त्याने तो टाकला नाही, लॅपटॉपच्या कडेला उजेड पडेल असा ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी बिंदुसरा धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर हे कार्ड कॅमेऱ्यात होते, आणि त्या दिवशी कॅमेऱ्याने जे जे घेतले त्याच्यासोबत हेही आले असावे — कुणी न मागता. बाकीचे सगळे त्याने मागून घेतले होते.

आज पाच वाजेपर्यंत लघुपट महोत्सवाकडे फिल्म पाठवायची होती. बारा मिनिटांची. रविवारी ती बीडच्या एका सभागृहात मोठ्या पडद्यावर दिसणार होती, आणि आई-वडिलांना पहिल्या रांगेत बसवायचे हे अभिमन्यूने — कॅमेरा त्याचा, उत्साहही त्याचाच — परस्पर ठरवून टाकले होते. सोमेश्वर एरवी बीडच्या एका स्टुडिओत दुसऱ्यांची लग्ने कापतो-जोडतो. आज रजा टाकून तो पालीच्या घरी, खिडकीखालच्या लोखंडी पेटीवर लॅपटॉप ठेवून बसला होता. बाहेर लिंबाखाली आबा दोरी वळत होते. घरात तीन शेळ्यांपलीकडे बांधायला काही उरले नव्हते, तरी ते दोरी वळत.

फिल्म त्यांच्यावर होती. आबा, म्हणजे म्हाळू, तीस वर्षे मेंढरांमागे चालले, आणि तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा त्यांनी सगळा कळप आष्टीकडच्या अजिनाथला विकला. एवढीच गोष्ट. आधीचे सगळे प्रसंग — पहाटेची चाल, दगडाच्या चुलीवरचा चहा, पावलांनी उठलेली धूळ — एका शेवटच्या दृश्याकडे जात होते. त्या दृश्याची चार वाक्ये त्याने सहा महिने घासून लिहिली होती: म्हाळू टेकाडावर उभा राहतो. कळप लांब जातो. म्हाळू हाक मारतो. हाक विरते.

चार वाक्ये... आणि मला त्यांचा केवढा अभिमान होता.

दृश्य म्हणजे काय, हे त्याला कळले होते ती दुपार त्याला आजही जशीच्या तशी आठवते. कॉलेजच्या फिल्म मंडळात एक जुना, परक्या भाषेतला चित्रपट दाखवला होता. त्यात एक म्हातारा स्टेशनच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधतो, ती सुटते, तो पुन्हा बांधतो, गाडी येते आणि जाते, आणि तो नाडीच बांधत असतो. एवढेच. पण त्या दोन मिनिटांनंतर मागचा सगळा चित्रपट उलटून पुन्हा उभा राहिला होता — घरातले भांडण, मुलाचे पत्र, सुनेने न वाढलेली भाजी, सगळ्याचा अर्थ त्या नाडीपाशी येऊन थांबला होता. अंधारात बसलेला सोमेश्वर थक्क झाला होता. माणसाने गोष्ट सांगायचीच नाही, फक्त एका जागी नेऊन उभे करायचे आणि तिथून मागे पाहू द्यायचे... हे कुणाला सुचले असेल? त्या अनोळखी माणसाबद्दल त्याच्या मनात जी माया दाटून आली तिला नाव नव्हते. संध्याकाळी जीपने तो पालीला उतरला, तेव्हा घरामागचा मेंढरांचा वाडगा रिकामा होता. लेंड्यांचा वास तेवढा होता. कळप त्याच दुपारी गेला होता.

म्हणून शेवटचे दृश्य त्याने कल्पनेने लिहिले. आणि सगळेच खरे वाटावे म्हणून चित्रणाला अजिनाथचाच कळप मागितला — या दिवसांत तो धरणाच्या काठाने चारायला येतोच. त्यात अजून आबांची तीस-चाळीस मेंढरे होती. अभिमन्यू खूश झाला होता. “खरा धनगर, खरी मेंढरं, खरा घेणारा,” तो म्हणाला होता, “आता फकस्त तुज्यातला डायरेक्टर खरा निघू दे बे.”

आबांना टेकाडावर उभे केले. कळप उताराला लागला. सोमेश्वरने हात खाली केला — हाक. आबांनी तोंड उघडले, आणि काहीच आले नाही. पुन्हा. कळप वळवून वर आणा, पुन्हा उताराला लावा. आबांचे तोंड उघडे, गळ्याची शीर ताणलेली, आवाज नाही. तिसऱ्या खेपेला अभिमन्यू हसला, “आबा, डायलॉग एकच हाय, त्यो बी इसरताय व्हय?” आबाही हसले. “लग्नात सुदिक इतक्या येळा उबं न्हाई केलं मला,” ते म्हणाले, आणि पटक्याच्या शेवाने तोंड पुसून पुन्हा जागेवर गेले. सोमेश्वरने जवळ जाऊन समजावले होते, हळू, आर्जवाने — आबा, रोज मारायचात तशीच. नेहमीसारखी. त्यांनी त्याच्याकडे पाहिले होते. “तू म्हणशील तसं,” एवढेच म्हणाले होते. पाच खेपा झाल्या. पाचव्या वेळी तर ते चौकटीतूनच बाहेर गेले, आणि उजेड उतरला.

मग तोड अभिमन्यूने काढली. अजिनाथ कळपाला घेऊन निघाला तेव्हा त्याने मारलेली हाक ध्वनीच्या यंत्रात आली होती. मेंढरांनी माना वळवल्याचेही चित्र होते. आबांचे उघडे तोंड, ती हाक, वळलेल्या माना — सोमेश्वरने तिन्ही जोडले, ओठांशी आवाज जुळवला, मागे वारा पसरला. कुठेही सांधा दिसत नव्हता. ते पहिल्यांदा सलग पाहिले तेव्हा त्याच्या अंगावर शहारा आला होता. आपल्यालाही एक दृश्य जमले, असे त्याला दोन दिवस वाटत राहिले.

“दाव की मला,” माय म्हणाली. मेथीची जुडी परातीत घेऊन ती शेजारी टेकली. मायने — ताराबाईने — या घरातला प्रत्येक माणूस पायांवरून ओळखला आहे; पडद्यावर आबा चालू लागताच ती म्हणाली, “ही चाल बग, समदा भार डाव्या पायावर. सोयरीक जमवताना कुणी सांगितलं न्हाई मला.” धूळ उठली तेव्हा तिने पदर नाकाला लावला, आणि मग आपणच हसली. चहाच्या दृश्याला म्हणाली, “दूद लई वतलंस, एवडं कुटलं.” सोमेश्वर पडद्याकडे नाही, तिच्या बोटांकडे पाहत होता. पाने खुडत होती, काड्या बाजूला जात होत्या... आणि हाक आली तेव्हा बोटे थांबली.

“हे कोण वरडलं?”

“आबा.”

“न्हाई.”

“आवाज नंतर घातलाय, माय. आबांचा निघतच नव्हता.”

“अजिनाथचा हाय ह्यो.” ती पडद्याकडे पाहत राहिली. “त्याची हाक ह्यांच्या तोंडात कावून घातली रं?”

रागावून नाही. दुसऱ्याची चप्पल घालून आलेल्या मुलाला विचारावे, तसे. सोमेश्वर काहीतरी परिणामाबद्दल बोलू लागला, शेवट उंचावर जावा लागतो वगैरे, आणि आपलेच शब्द ऐकून थांबला.

“आपल्यात जनावर इकलं तर दावं ठिवून घेत्यात,” माय म्हणाली, “आन् हाक देऊन टाकत्यात. घेणाऱ्याला म्होरं उबं करायचं, त्याच्या मागं हुबं राहून येकदाच मारायची. मेंढरं त्याच्याकडं जात्यात. मंग ती हाक त्याची. पुन्यांदा आपण मारायची न्हाई. मारली, तर ती हितली ऱ्हात न्हाईत आन् तितली बी. चरायची बंद हुत्यात.”

“मग आबांनी मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस का? तू तर लिवून आणलंतंस.” तिने पुन्हा जुडी उचलली. “घरी आल्यावर मला म्हणले, कागदावर हाय, पोरानं शिकून लिवलंय, काई तरी आसंल त्यात. पर तोंडच उगडंना, म्हणले.”

बाहेर दोरीचा पीळ भरताना होणारा बारीक करकर आवाज येत होता. सोमेश्वरने विचारले — विकली त्या दिवशी आबा रडले का?

“रडायला येळ कुटं व्हता. आदल्या दिशी समदी धरणावर नेऊन धुतली. येकेक. दिस बुडंस्तवर. मी म्हणलं, इकायचीच हायती तर कशाला, तर म्हणले, लेक नांदाया धाडताना न्हाऊ घालत न्हाईत व्हय.” ती परात घेऊन उठली. जाता जाता म्हणाली, “ते घालाय पायजे व्हतं तुज्या पिक्चरात.”

...गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, त्याच्या हातांत एक मेंढी, काठावर न धुतलेल्या कितीतरी. माय निघून गेली आणि ते चित्र पेटीवर तसेच राहिले. सहा महिने घासलेली माझी चार वाक्ये, आणि मेथी निवडता निवडता तिने सांगितलेले हे. तिने काही समजावले नव्हते. तिने फक्त पाण्यात नेऊन उभे केले होते. कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत ज्या परक्या माणसापुढे मी मनोमन वाकलो, त्याची विद्या या घरात रोज पाटावर बसत होती, आणि मी तिला ‘जेवायला वाढ’ म्हणत होतो.

मोबाईल वाजला. अभिमन्यू. “बे, गेली का फाईल?”

“नाही. आवाज काढावा म्हणतोय. हाक.”

“येड लागलं काय? मग शेवटाला ऱ्हातं काय? म्हातारा तोंड उगडून हुबा. लोकं म्हणतील, साऊंड गेला. आन् पाच वाजता दार बंद हाय, सोमेश्वर.”

सव्वाचार झाले होते. त्याने पाचही खेपा एकाखाली एक उघडल्या. आवाजाशिवाय. पंधरा दिवस त्याने त्या ‘फसलेल्या’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, आणि आता पहिलीच पाहताना त्याला दिसले की ते तोंड विसरलेल्या माणसाचे नाही. जबडा खाली येतो, जीभ टाळूला लागते — हाक तिथेपर्यंत आलेली आहे, आणि आबा तिला तिथे धरून ठेवतात. मुलाला नाही म्हणायचे नाही, आणि दिलेली वस्तू परत घ्यायची नाही. या दोहोंच्या मध्ये एक माणूस पाच वेळा उभा राहिला होता, आणि मी हात खाली करून त्याला इशारा देत होतो.

पाचवी खेप. आबा टेकाडावर. कळप खाली उतरतो आहे. आणि कुणीही हाक न मारता — सोमेश्वरने मागे नेऊन पुन्हा पाहिले — कुणीही हाक न मारता कळपाच्या शेवटची एक म्हातारी मेंढी थांबते. तिच्या डाव्या कानाला चीर आहे. ती मान वळवते, वर पाहते, कळपाकडे पाठ करून दोन पावले चढते. नुसत्या उभ्या राहण्यावरून तिने माणूस ओळखला आहे. आबा तिला पाहतात. उघडलेले तोंड मिटतात. आणि एक पाऊल मागे घेतात, मग आणखी एक, टेकाडाच्या पलीकडे, तिला दिसणार नाही इतके. चौकटीत कुणी उरत नाही. ‘फ्रेमच्या भायेर गेले बे,’ असे अभिमन्यू तेव्हा वैतागून म्हणाला होता. मेंढी रिकाम्या टेकाडाकडे पाहत उभी राहते. पुष्कळ वेळ. मग खाली मान घालून एक कुसळ तोडते, चावते, आणि कळपाच्या मागे जाते.

ती चरली.

त्याने अजिनाथचा आवाज काढला, वळलेल्या माना काढल्या, आणि पाचवी खेप जशी होती तशी शेवटी ठेवली. मग पहिल्यापासून पाहिले. एकही जुने दृश्य त्याने हलवले नव्हते, तरी सगळी हलली होती. पहाटेच्या चालीत आबा कळपाच्या पुढे नाहीत, मागे आहेत, हे त्याला आता दिसले. चुलीपाशी ते चहा पितात तेव्हा पाठ मेंढरांकडे आहे — मांडणी चुकली म्हणून तो स्वतःवर चिडला होता — आणि आता तीच पाठ शेवटच्या रिकाम्या टेकाडाकडे निघालेली होती. हे त्याने रचले नव्हते. हे कार्डातल्या तंतूसारखे सोबत आले होते. भीती वाटावी इतके सुंदर होते ते, आणि ते आपले नाही, हे त्याला स्वच्छ कळत होते. तर मग ते पाठवायचे कुणी? हजार डोळ्यांपुढे, पहिल्या रांगेत आबा स्वतः बसलेले असताना, त्यांचे मागे घेतलेले पाऊल दाखवायचे की तेही झाकून ठेवायचे...

पाठीमागे सावली पडली. पाण्यासाठी आत आलेले आबा तांब्या हातात घेऊन थांबले होते. त्याने पडदा मिटला नाही. मिटावासा वाटला, पण हात गेला नाही. टेकाड, पाऊल, रिकामी चौकट. मेंढी उभी राहिली. आबांच्या श्वासाचा आवाज त्याच्या कानाशी येत होता. मेंढीने कुसळ तोडले तेव्हा तो श्वास सुटला.

“चिरकानी हाय अजून,” आबा म्हणाले. “दात गेले आसतील तिचे. कवळं बगून चारायला पायजे.”

“आबा,” तो म्हणाला, “हे असं ठेवू का?”

ते त्या वेळी टेकाडावर म्हणाले होते तेच म्हणतील, याची तो वाट पाहत राहिला. आबांनी तांब्यातले पाणी वरून घशात सोडले, उरलेले दारातल्या तुळशीला घातले, आणि लिंबाखाली गेले. थोड्या वेळाने दोरीचा करकर आवाज पुन्हा सुरू झाला, मघापेक्षा सावकाश... किंवा त्याला तसे ऐकू आले.

पाचाला अकरा मिनिटे होती. सोमेश्वरने फिल्म पुन्हा लावली, या वेळी शेवटाकडूनच. रिकाम्या चौकटीत वाऱ्याखेरीज काही नव्हते. इतके दिवस त्या जागी आवाज भरण्यासाठी तो झटला होता. आता तिथे कान लावून बसला, आणि खिडकीबाहेर पीळ घेणाऱ्या दोन तळहातांचा आवाज त्या शांततेत हळूहळू उतरू लागला.