मातीखालचा ठोका

"उठा, नाहीतर खाटेसकट ओढत नेईन," शेजारीण नवऱ्यावर कडाडली. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. घरातला दोर तिनं केव्हाच माझ्या माळ्यावर आणून टाकला होता. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

तो विहिरी खोदायचा. उन्हाळ्यात एक विहीर ढासळली. हा वर होता, जोडीदार खाली. मातीखालून जोडीदार कुदळीनं दगडावर ठोकत राहिला आणि हा हातांनी माती उपसत राहिला. मग ठोकणं थांबलं. तेव्हापासून ह्याचं बोलणंही बंद.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शाळेत ढोल वाजवायचा वर्ग काढला, म्हणाल्या मन हलकं होतं. आम्ही पोट धरून हसलो. पण माझी उडालेली झोप तिथंच परत आली, म्हणून त्यालाही आण, असं मीच शेजारणीच्या मागे लागले होते.

त्याला ढोलापुढे बसवला. आधी नुसताच बघत होता. मग एक थाप मारली, मग दुसरी, आणि आमच्यात मिसळून गेला. शेजारणीनं पदर डोळ्यांना लावला.

नर्सबाईंनी हात वर केला, तसे सगळे थांबले. तो थांबेना.

"दादा, झालं आता," नर्सबाई म्हणाल्या.

"थांबू नका," तो म्हणाला. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द. "थांबलात तर तो गेला."

आम्ही पुन्हा वाजवायला लागलो, दुसरं करणार काय? खांदे भरून आले. एकेक जण गळाला. शेवटी तो एकटाच उरला, ढोलावर रक्ताचे डाग.

मागच्या रांगेतून जोडीदाराची बायको उठली. इतके दिवस ती त्याच्या समोर आली नव्हती. तिनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले.

"बास, भाऊजी. ह्यांचं ठोकणं थांबलं तरी तुम्ही उपसतच होता. मी काठावर उभी होते, पाहिलंय सगळं. आता थांबा."

तो थांबला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. मला वाटलं, दोर न्यायला आली.

"दोर राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "पण काल हे रडले. आवाज काढून रडले. पुढचा वर्ग कधी आहे गं?"

ती गेल्यावर मी दोर माळ्यावर आणखी आत सरकवला.