दोघांना एकच बाक

भांडणं घेऊन लोक सुईणमावशींकडे येत. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातून जगात आलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचा तोरा चालत नसे. पण आजचा निवाडा मावशींनाच जड जाणार होता. तक्रार त्यांच्या धाकट्या बहिणीविरुद्ध होती. ती शिंपीण, विधवा, त्यांच्याच घरात राहणारी. निकाल तिच्या विरुद्ध गेला, तर घरात अबोला ठरलेला.

तक्रारदार बेकरीवाले शेठ, सकाळीच भर चौकात चोरीची ओरड करून आलेले. शेजारणीनं लगबगीनं त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणली.

"ती परत ने," मावशी म्हणाल्या. "दोघांनी बाकावर बसायचं. एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं तोंड मिटायचं."

शेठनी कोट पुढे केला. डावी बाही चांगली दोन बोटं आखूड. "लेकीच्या लग्नात घालायचाय हो मावशी! हिनं कापड चोरलं."

धाकटीनं पिशवी उलटी केली. उरलेले सगळे तुकडे त्यात होते. "चोरी नाही, अन् चूकही नाही. यांचाच डावा हात लांब आहे!"

शेठचे दोन्ही हात मावशींनी जुळवून पाहिले. अगदी सारखे. मग त्यांनी धाकटीला सुईदोरा दिला. "ओव बघू." काही केल्या तिला ओवता येईना.

"दिसत नाही गं ताई," ती पुटपुटली. "कळलं तर कामं जातील."

"गरीब बिचारी," शेजारीण कळवळली. "शेठना काय कमी आहे? द्या सोडून."

मावशींनाही तेच हवं होतं. पण रोज सकाळी त्या जे बायबल वाचत, त्यात देवानं स्वच्छ बजावलं होतं: न्याय करताना मोठ्याची मुर्वत नको, आणि गरिबाचीही भीड नको. पहिलं त्यांना कायम सोपं गेलं होतं. दुसऱ्यानं आज घाम फोडला.

"बाही तू बिघडवलीस," त्या बहिणीला म्हणाल्या. "कापड तू आणायचं, लग्नाआधी बाही बदलून द्यायची. त्याआधी चष्मा. आणि शेठ, चोरीचा बोभाटा तू भर चौकात केलास. आता तिथंच, तेवढ्याच आवाजात सांगायचं, चोरी नव्हती म्हणून."

"तेवढ्याच?" शेठनी चौकाकडे पाहिलं.

"तुझा आवाज मी तू जन्मलास तेव्हापासून ओळखते. कमी पडला तर कळेल."

संध्याकाळी धाकटी गप्पच होती. मावशींचा जीव तुटत होता. तेवढ्यात चौकातून शेठची आरोळी आली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

"ताई," हसू ओसरल्यावर धाकटी म्हणाली, "हे गेल्यापासून माझी प्रत्येक चूक लोकांनी बिचारी म्हणून पोटात घातली. आज पहिल्यांदा कुणीतरी मला शिंपीण समजून बोललं."

धाकटीनं टेप काढली.

"हात पुढे कर. चष्मा आला की पहिला ब्लाउज तुझा. दोन्ही बाह्या सारख्या."