टोचन

माकणी गावात, सासरच्या घरासमोर बंद पडलेली पिकअप शिवप्रियाला वडिलांनी लग्नात दिलेली, कागदोपत्री तिच्याच नावाची. ती माहेरी लोहाऱ्याला निघाली तेव्हा गाडीही न्यायची, असं तिच्या भावानं, श्रीशैलनं, ठरवलं. इंजिन बसलेलं होतं, म्हणून तो ट्रॅक्टर आणि गाडी ओढून न्यायची टोचनची लोखंडी दांडी घेऊनच आला.

शिवप्रिया कायमची चालली होती. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. मागच्या वर्षी बाळ पोटातच गेलं आणि तेव्हापासून नवरा, रुद्रेश, बोलेनासा झाला. भाकर वाढ, लाईट गेली, एवढंच. बाळाचा विषय काढला की हा उठून बाहेर. भांडला असता तर तिनंही चार शब्द सुनावले असते आणि राहिली असती. मुक्या माणसाशी भांडायचं तरी कसं? आज तो नुसतं ‘नको जाऊ’ म्हणाला तरी राहायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सासूबाईंना, गिरिजाबाईंना, ते कळलं असावं. त्या सकाळपासून लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

श्रीशैलनं दांडी अडकवली, गिअर न्यूट्रल केला आणि आता निघणार, तेवढ्यात रुद्रेश घरातून आला. चारी चाकांना जोर देणारी फोर-व्हील गाडी आहे, नुसतं न्यूट्रल करून भागत नाही, असं त्यानं सांगितलं. चारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली की ती चाकंच आतला गिअरबॉक्स फिरवतात. इंजिन बंद, त्यामुळं वर तेल चढत नाही आणि लोहारा येईस्तोवर आतलं सगळं जळून बसतं. गिअरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा मधे, न्यूट्रलला आणला असता तर काम झालं असतं, पण तो तर अडकून बसलेला.

मग रुद्रेश स्वतःच गाडीखाली शिरला. पुढच्या चाकांचे हब मोकळे केले, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचे बोल्ट सोडले, शाफ्ट ओढून काढला आणि तेल गळू नये म्हणून गिअरबॉक्सच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी सुतळीनं आवळून बांधली. वर्षभरात या माणसाच्या तोंडून इतके शब्द तिनं ऐकले नव्हते. तिला संताप यायला हवा होता. तो आला नाही. गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या पायांकडे ती बघत राहिली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

ट्रॅक्टरमागं पिकअपच्या स्टेअरिंगवर तिलाच बसायचं होतं. ती चढून बसली. रुद्रेश हात पुसत खिडकीशी आला.

“चावी काढू नको, स्टेरिंग लॉक होतंय,” तो म्हणाला. “आन् ब्रेक जड लागंल. सगळा जोर लावून दाब.”

“अजून काय?” तिनं विचारलं.

तो काचेवर हात ठेवून उभा राहिला. दारातल्या गिरिजाबाई दोन पावलं पुढं आल्या.

“शाफ्टला खडूनं खूण केलीय,” तो म्हणाला. “जोडताना खुणेला खूण लावाय सांग. न्हायतर गाडी थरथरती.”

“सांगते,” ती म्हणाली.

ट्रॅक्टर हलला. सगळ्या वाटेत, उतार आला की, ती सांगितल्याबरहुकूम जोर लावून ब्रेक दाबत राहिली. पायाला कळ लागली, ती तेवढी कळत होती. गाव मागं पडलं, शिवारं मागं पडली. डोळे कोरडेच होते.

लोहाऱ्यात दारापुढं ट्रॅक्टर थांबतो तोच श्रीशैलचा फोन वाजला. रुद्रेशचा होता. शिवप्रिया झटक्यात उतरली, भावाजवळ गेली आणि तिनं फोनसाठी हात पुढं केला. श्रीशैलनं तिला खुणेनंच थांबवलं. फोन कानाला तसाच ठेवून तो गाडीखाली वाकला आणि त्यानं गिअरबॉक्सवर तळवा टेकवला.

“गार हाय, दाजी,” तो म्हणाला. “कायबी झालं न्हाय.”

मग त्यानं फोन तिच्या हातात दिला. तोवर रुद्रेशनं तिकडून तो ठेवलेला होता.