अर्धी बुजवलेली पायविहीर

मित्रांनो, मी एक जुनी पायविहीर आहे आणि मी संतापलेली आहे. म्हाताऱ्यांनी आपली गोष्ट शांतपणे सांगावी, असं तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही.

अमरावतीहून अचलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत माझी जागा. काळ्या दगडाच्या बेचाळीस पायऱ्या, खाली एक कमान आणि कमानीवर एक कोरलेला दगड. त्यावर मला बांधणाऱ्या पाथरवटाचं नाव होतं. एवढ्या मोठ्या कामावर राजाचं नाही, पाथरवटाचं नाव! याचा मला फार अभिमान वाटे. वैशाखात कापसाचे गाडीवान माझ्या कमानीखाली येऊन पडत आणि म्हणत, "इथं कसं थंडगार वाटते!"

पण सगळ्यांना माझ्याजवळ येऊ देत नसत. खालच्या वस्तीतल्या बाया वरच्या पायरीपाशी घागरी घेऊन तासन्‌तास उभ्या राहत. कुणी दया येऊन पाणी ओतलं तर ओतलं. पाणी माझं, आणि हुकूम भलत्यांचा! ती लाज माझ्या दगडात मुरली आहे.

छप्पन साली त्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला. पुढच्याच उन्हाळ्यात पंचफुला नावाची मजूर बाई बेचाळीस पायऱ्या उतरून खाली आली. वरून कुणीतरी ओरडलं. तिने मान वर केली नाही. ओंजळभर पाणी प्याली, घागर भरली आणि सावकाश वर गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुरी विहीर झाले.

एकसष्ट साली पुरातत्त्व खात्याचे एक साहेब आले. त्यांनी मला दोन दिवस मोजलं आणि कोरलेल्या दगडाचा ठसा घेतला. मग माझ्या भिंतीवर सरकारी कागद चिकटला. या विहिरीला संरक्षित स्मारक ठरवण्याचा सरकारचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास दोन महिन्यांत कळवावी, असं त्यावर लिहिलं होतं. मी हरखले. मूर्ख होते मी.

शेजारचं शेत खुशालरावांनी घेतलं होतं. त्यावर ते घरांसाठी प्लॉट पाडत होते आणि त्यांच्या नकाशातला रस्ता माझ्यावरून जात होता. त्यांनी कागद वाचला आणि मुकादम नत्थुजींना म्हणाले, "इचार हाय म्हंते. म्हंजे अजून ठरलं नाई. दोन मयने हायेत आपल्याजवळ. बुजवून टाका."

हरकतीसाठी ठेवलेली मुदत अशी माझ्या मरणाची मुदत झाली. पहिल्याच दिवशी पहारी घालून कमान पाडली. कोरलेल्या दगडाचे दोन तुकडे झाले. वरून मुरूम कोसळू लागला.

त्या मजुरांत पंचफुलाही होती. ती प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती. दुपारी तिने तो कागद अक्षर अक्षर जुळवून वाचला आणि टोपलं खाली ठेवलं.

"काहून थांबली वं?" नत्थुजी म्हणाले.

"हा कागद वाचला का तुमी?"

"तुले काय करायचं कागदाचं? उचल टोपलं."

"नाई उचलत. माह्या मायले या पायरीवर उभं राहू देत नोते. आता कुठं आमी उतरून राहिलो, तं तुमी विहीरच बुजवून राहिले?"

तिला कामावरून काढलं. ती एस.टी.ने सरकारी कचेरीत गेली. तिथे काय झालं ते तिने पुढे माझ्या पायरीवर बसून बायांना सांगितलं. कारकून म्हणाला, "फाईल मुंबईला गेली आहे, बाई." ती म्हणाली, "फाईल येईस्तोवर विहीर राहीन का?" दोन दिवस तिला बाहेर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी ऐकलं आणि निर्णय होईपर्यंत काम थांबवा, असं पत्र दिलं. पत्र घेऊन शिपाई सोमवारी निघणार होता. तिने त्याआधीच पत्राची नक्कल मागून घेतली आणि ती धावत आली.

खुशालरावांनी पत्र वाचलं आणि काम थांबवलं. तोवर माझ्या एकवीस पायऱ्या गाडल्या गेल्या होत्या.

चार महिन्यांनी हुकूम आला आणि माझ्यापाशी निळी पाटी उभी राहिली. मोडतोड करणाऱ्यास शिक्षा होईल, असं तिच्यावर लिहिलं आहे. शिक्षा कुणालाच झाली नाही. तोडलं ते हुकमाच्या तारखेआधी, म्हणून तो गुन्हा नाही म्हणे!

मग पंचफुला वस्तीतल्या बायांना घेऊन मुरूम काढायला आली. पाटीजवळ बसलेला राखणदार धावत आला. "आता हे संरक्षित हाय. परवानगीबिगर खोदाल तं गुन्हा होईन!"

पंचफुला म्हणाली, "बुजवणाऱ्याले माफी, अन् काढणाऱ्याले गुन्हा?"

राखणदाराने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, याला तीन वर्षं झाली. परवानगीसाठी तिने सहा अर्ज केले, पण मुरूम काढायची परवानगी अजून मिळालेली नाही. तुमच्या गावातल्या जुन्या भिंतीवर असा कागद चिकटलेला दिसला, तर सरकार बघून घेईल म्हणून घरी जाऊ नका. त्याच दिवशी तिथे जाऊन उभे राहा, चार माणसांना बोलवा, कचेरीत ओरडा. तुटल्यावर पाटी लावून काय उपयोग?

आणि माझ्यापाशी आलात, तर हळहळू नका. फुलं वाहू नका. सातव्या अर्जावर पंचफुलाच्या सहीखाली तुमची सही करा.