अर्ध्या बॅटरीवरचा रेडिओ

कासमनं पुन्हा स्टार्टर दाबला. गाडीनं नुसतं 'कट्' केलं आणि गप्प बसली. मढचा बाजार काल उठला होता, उद्याचा मंचरचा होता, तळावर आता कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि जुन्नरची एसटी कुठल्याही क्षणी येणार होती. तिच्यातून सासरा उतरणार होता. राजमहंमद!

त्याचं असं झालं होतं, की कासमचं घर चाकांवर होतं. लढाईनंतर लिलावात निघालेली लष्कराची अँब्युलन्स त्यानं घेतली, आत बाज टाकली, फळ्या ठोकल्या, आणि ओतूर, मढ, मंचर असे बाजार करत तो दुकान मांडून स्टो-कंदील दुरुस्त करू लागला. लग्न झाल्यावर सायराबानूलाही त्यातच आणली. सासऱ्यानं तेव्हाच बजावलं, "ही गाडी घर म्हणून चालती का, ते मी येऊन बघीन. न्हाई चालली तर पोरगी माघारी नेईन." त्यावर सायरा हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. इतक्या दिवसांत तिनं त्या गाडीला एकदाही घर म्हटलं नव्हतं. तेच कासमला आतून कुरतडत होतं.

घाम पुसत त्यानं सीट उचललं. खाली बॅटरी. बारा व्होल्टची, सहा कप्प्यांची. टॉर्चचा बल्ब दोन तारांनी त्यानं एकेका कप्प्याला लावून बघितला. पहिल्या तिन्हींवर बल्ब लख्ख पेटला. पुढच्या तिन्हींवर नुसती तार लालसर झाली. कासमच्या तोंडचं पाणीच पळालं.

करणी त्याचीच होती. जुन्या बाजारातून आणलेला रेडिओ सहा व्होल्टचा. मध्ये तारेचं वेटोळं घालून जादा जोर जिरव, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण त्यात वीज फुकट जाते. आणि कासम पडला हुशार! त्यानं रेडिओ सरळ तीनच कप्प्यांवर जोडला. बरोब्बर सहा व्होल्ट! भेटेल त्याला झाकण उघडून दाखवलं. गाडी चालताना भरायचे सगळे कप्पे सारखेच, रिकामे मात्र तेच तीन व्हायचे, हे त्या हुशार डोक्यात शिरलंच नाही.

पण तो रेडिओ लावायचा संध्याकाळच्या बातम्यांपुरता. मग तीन कप्पे इतके कसे मेले?

"सायरा, तू दिवसा रेडिओ लावतीस?"

"लावते."

"किती येळ?"

"तुमी दुकानावर जाता तवापासनं येईपत्तूर."

"अगं, बॅटरीचा जीव घेतलास की!" तो ओरडलाच.

"मग मी कुणाशी बोलू?" सायरा शांतपणे म्हणाली. "कुठं एखादीची वळख व्हती, तवर तुमी गाडी हलवता. त्या डब्यात निदान रोज तीच माणसं येत्यात."

कासमचा राग जागच्या जागी विरला. रेडिओ आणून आपण बायकोची हौस केली असं त्याला वाटत होतं. आज ही जाणार, आणि गेली तर तिचं काय चुकलं?

तेवढ्यात एसटी आलीच. राजमहंमद फेटा सावरत उतरला, गाडीभोवती फिरला. "चालव बघू."

"बॅटरी बसलीय. ढकलली की चालू व्हईल."

"पुढनं फिरवायचं हँडल?"

"लिलावात आलंच नव्हतं."

"म्हंजे चालत न्हाई," सासरा म्हणाला. "सायरा, पिशवी भर."

"उतार हाय, मामू. दोघं ढकलू. एकदाच," कासम अक्षरशः गयावया करत होता.

दोघं ढकलणार, तर चाकावर कोण? सायरा पुढं चढून बसली. कासमनं गिअर टाकला आणि घाईघाईनं दाखवलं. "हा क्लच. 'सोड' म्हनलो की सोडायचा. मग हे हळू दाबायचं. आन् थांबू नको, थांबली की बंद पडंल."

दोघांनी खांदे लावले. सासऱ्याचा फेटा सुटला, तोंडानं शिव्या सुटल्या. गाडी उताराला लागली. "सोड!" एक हिसका, धुराचा लोट, आणि गाडी भर्रकन निघाली ती ओतूरच्या रस्त्यानं दिसेनाशी झाली.

कासम छाती फुटेस्तोवर धावला आणि मटकन बसला. ब्रेक दाखवायचाच राहिला होता! या अल्ला, पोरगी कुठं आदळली तर?

"म्या पोरीला न्यायला आलो," राजमहंमद धापा टाकत म्हणाला, "आन् पोरगीच गाडी घेऊन गेली!"

दोघं कान लावून बसले. काहीच ऐकू येईना. मग हॉर्न वाजला. लांबचा वळसा घालून गाडी तळावर आली. सायराचा पदर खांद्यावर आलेला, डोळे मोठे झालेले, हात चाकाला चिकटलेले.

"चढा लवकर! थांबवता येत न्हाई!" तिनं हाळी दिली. "आन् उद्यापासनं मीबी दुकानावर बसणार, आत्ताच सांगून ठेवते!"

"बस, बाई, बस!" कासम पळत पळत दाराखालच्या फळीवर चढला.

"अगं, आन् मी?" मागनं बाप ओरडला.

"तुमी मंचरला या, अब्बा!" सायरानं खिडकीतून मान काढली. "सावकाश या. घरी!"