मी, रसायनमुक्त बरणीवरचं रसायन

मी सेल्युलोज बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या अंगावरच्या सुती सदऱ्यातही मीच आहे.

माझा जन्म निलगिरीच्या झाडात झाला. पानानं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतला, मुळांनी पाणी पाठवलं, उन्हाच्या जोरावर ग्लुकोज तयार झालं. त्याचे हजारो रेणू एका ओळीत जोडले गेले, तो मी. स्टार्च माझा सख्खा भाऊ, त्याच ग्लुकोजचा. फक्त जोडणी निराळी. त्याला माणसं आवडीनं पचवतात, मला पोट तसंच पुढे ढकलतं. पण झाड ताठ उभं होतं ते माझ्या आणि लिग्निन नावाच्या चिवट सोबत्याच्या जिवावर.

पुढे झाड तोडलं. कारखान्यात मला कॉस्टिक सोड्यात शिजवलं, लिग्निन धुऊन काढलं आणि माझा कागद केला. त्यावर छापलं : ‘शंभर टक्के रसायनमुक्त’ आणि मला एका औषधी पुडीच्या बरणीवर चिकटवलं. मी रसायन, शाई रसायन, पाठीवरचा गोंद रसायन. बरणीतली हिरवी पूड तर आमचंच गणगोत! हसायची सोय नव्हती, म्हणून गप्प चिकटून राहिलो.

ती बरणी विकणारा दुकानदार मोठा गोडबोल्या. एका शिंप्याची बायको आली तेव्हा त्यानं तिला खुर्ची दिली. नवऱ्याच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, गोळ्यांसोबतच्या कागदावरचे दुष्परिणाम वाचून झोप उडालीय, असं ती सांगत होती.

“वहिनी, रसायन ते रसायनच. बंद करा त्या गोळ्या,” तो म्हणाला.

तिनं मला घरी नेलं. गोळ्या शिलाई मशीनच्या खणात गेल्या. शिंपी कुरकुरला, पण तिच्या काळजीपुढे त्याचं काही चाललं नाही. आठ-दहा दिवसांत तो दम लागून मशीनवरच वाकला. अर्धी बाही सुईखाली तशीच राहिली.

दवाखान्यात ती खणातल्या गोळ्यांबरोबर मलाही घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं, मग गोळ्यांचं पाकीट पाहिलं. म्हणाल्या, “काकू, हे औषध झाडाच्या पानातूनच काढतात. मोजून देतो, एवढाच फरक.”

“मग मी ह्यांना कशापासून वाचवत होते?” तिनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शिंपी वाचला, पण मशीनचं पायडल आता त्याच्यानं होत नाही. तो बसून कापड बेततो, ती शिवते.

मधे एकदा ती दुकानात गेली. तिथल्या बाकी बरण्यांवरही मीच होतो. अंगातली घाण बाहेर पडताना त्रास व्हायचाच, असं दुकानदार तिला समजावू लागला. त्याच्या पातळ सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं चंदेरी पाकीट दिसत होतं.

“ही कसली?” तिनं विचारलं.

त्यानं खिशावर हात ठेवला. “ब्लडप्रेशरची. डॉक्टरांनी दिलीय.”

“ह्यांनाही डॉक्टरांनीच दिली होती.”

दोन गिऱ्हाइकं हातातल्या बरण्या खाली ठेवून निघून गेली. चार दिवसांनी तिसरं गिऱ्हाईक आलं. त्याला त्यानं खुर्ची दिली.

आता माझ्या बरणीत बटणं असतात. तिनं मला भिजवून खरवडायचा प्रयत्न केला, पण मी पाण्यात विरघळत नाही. कडा तेवढ्या फाटल्यात.

एकच मागणं आहे. गोळी बंद करायची असेल तर ज्यांनी दिली त्यांना विचारा. मला विचारू नका. मी कागद आहे. माझ्यावर कुणीही काहीही छापतं.